दोन लिप्यांतला अर्ज

अर्ज वाचून झाला तरी नझ्मिये इसेनीला तो खाली ठेववेना. शिक्षण खात्याची उपमंत्री म्हणून सहा वर्षं तिने गावोगावची भांडणं निस्तरली होती, पण असला कागद तिने आजवर पाहिला नव्हता. वर एका मॅसिडोनियनाची सही, सिरिलिक लिपीत. तिच्याखाली एका अल्बेनियनाची, लॅटिनमध्ये. मग पुन्हा सिरिलिक. ज्याला जसा वेळ मिळाला तसा तो येऊन सही करून गेला होता. पाच पानं भरली होती.

आणि मागणी एकच. शाळेच्या मधोमध भिंत घाला.

मुख्याध्यापकांच्या टेबलापलीकडे दोघे बसले होते. ब्लागोया, मॅसिडोनियन पालकांचा म्होरक्या, लाकडाच्या वखारीचा मालक. शेजारी शेफ्चेत, अल्बेनियन पालकांच्या वतीने. त्याची वीटभट्टी होती.

"भिंतच कशाला हवी?" नझ्मियेने विचारलं.

"मॅडम, तीन आठवड्यांपूर्वी फाटकाशी पोरं भिडली," ब्लागोया म्हणाला. "मग सोडवायला गेलेले बाप भिडले. ही बघा भुवई. चार टाके."

"कोणी मारलं?"

ब्लागोयाने शेजारी बोट दाखवलं.

"चुकून लागलं हो," शेफ्चेत खाली बघत म्हणाला. "मी त्याच्या भावाला मारत होतो."

"म्हणून म्हणतो, भिंत घाला, कटकट मिटेल," ब्लागोया म्हणाला. " आमची पोरं अलीकडे, यांची पलीकडे. फाटकं दोन, घंटा दोन. सरकारला काही तोशीस नको. विटा हा देतोय. गवंडी माझा भाऊ."

"ज्याला यांनी मारलं तोच?"

"तोच."

नझ्मियेने चष्मा काढून पुसला. "हे सगळं ठरलं कुठे?"

"याच्या घरी," शेफ्चेत म्हणाला. "तीन रविवार बसलो. याच्या बायकोच्या हातची पालकाची पिटा, काय सांगू! घरातल्या परातीला डुकराची चरबी लागलेली असते आणि मी मुसलमान, म्हणून माझ्यासाठी नवी परात आणली तिने."

एवढं बोलून तो पुढे वाकला आणि आवाज खाली करून अल्बेनियनमध्ये म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्यातल्या. याच्यादेखत नाही म्हणू नका. लोकांना शब्द देऊन बसलोय मी."

"शेफ्चेतभाऊ, जे असेल ते मोठ्याने बोला," ती मॅसिडोनियनमध्ये म्हणाली.

"राहू द्या, मॅडम. मला कळलं तो काय म्हणाला ते," ब्लागोया म्हणाला. "मीही शब्द देऊन बसलोय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पक्षाचा सरचिटणीस जेमाइल. ती खिडकीपाशी गेली.

"नझ्मिये, अजून सही का केली नाहीस? आपली माणसं मागतायत, त्यांचीही मागतायत. सरकारातले दोन्ही पक्ष खूश. पाच आठवड्यांवर निवडणूक आहे, बाई!"

"दोन्ही समाजांना एकत्र ठेवायला मला बसवलंत ना तुम्ही या खुर्चीत?"

"बसवलं. ते भाषणात बोलायला. हे बघ, सही नाही झाली तर सोमवारी राजीनामा घेऊन ये. नुसतं म्हणत नाहीये मी."

तिने फोन पर्समध्ये टाकला. खिडकीतून अख्खं पटांगण दिसत होतं. भिंत जायची तिथे कुणीतरी चुन्याची रेघसुद्धा मारून ठेवली होती. रेघ सरळ होती. दोघांनी दोन्ही टोकं धरून दोरी ताणली असणार.

"नळ कोणाच्या बाजूला येतोय?" तिने वळून विचारलं.

"आमच्या," ब्लागोया म्हणाला.

"आणि संडास?"

"आमच्याकडे," शेफ्चेत म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भिंतीत एक लहानसं दार ठेवू," ब्लागोया म्हणाला.

"दोन," शेफ्चेत म्हणाला. "गर्दी होते."

नझ्मियेला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नये म्हणून ती टेबलापाशी येऊन कागदावर वाकली. शेवटच्या पानावर, सगळ्या सह्यांच्या खाली, तिने आधी एका लिपीत आणि मग दुसऱ्या लिपीत लिहिलं: नामंजूर. खाली सही केली.

दोघांनी कागद ओढून वाचला.

"तू कसली आमची?" शेफ्चेत ताडकन उठला. ताई गेली, अहोजाहो गेलं. "खुर्ची मिळाली आणि रक्त विसरलीस!"

"मी म्हणालो नव्हतो?" ब्लागोयाने त्याचा कोट उचलून त्याच्या हातात दिला. "राजधानीतून, स्कोप्येहून येणाऱ्यांना आपलं काय पडलंय? चल. हिच्याशी काय बोलायचं!"

दार आपटून दोघे गेले. इतका वेळ कोपऱ्यात बसलेले मुख्याध्यापक कॉफी थंड झाली म्हणाले, दुसरी मागवू का म्हणाले. ती नको म्हणाली.

बाहेर आली तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती. तिचा ड्रायव्हर त्राय्चे, साठीला टेकलेला मॅसिडोनियन, स्टिअरिंगवर हात ठेवून काचेतून पलीकडे बघत होता. ती मागे बसली. सोमवारपासून ही गाडी नसेल, त्राय्चेही नसेल, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

रस्त्यापलीकडे पानटपरीएवढ्या दुकानापुढे ब्लागोया आणि शेफ्चेत उभे होते. वारा होता. ब्लागोयाने काडी ओढली, शेफ्चेतने ओंजळीचा आडोसा धरला, आणि दोघांच्या सिगरेटी एका काडीत पेटल्या. मग दोघेही गाडीकडे हात करकरून जोरजोरात बोलू लागले.

"तुम्हाला शिव्या देतायत, मॅडम," त्राय्चे म्हणाला.

"कोणत्या भाषेत?"

त्राय्चेने काच थोडी खाली केली, कान दिला.

"मिसळून," तो म्हणाला.