गुरुवारचा केक

गुरुवारी टीआरपी येतो. आकडा चांगला असला की आमच्या न्यूजरूममध्ये केक कापतात. संपादक मुलींना स्वतःच्या हातानं भरवतात आणि गालाला क्रीम लागलं म्हणून अंगठ्यानं पुसत राहतात. त्यामुळे आम्हा बायकांचा गुरुवारी उपवास असतो. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून माझा चाललाय. आता ती दहावीला आहे.

"तक्रार नाही केली कुणी?" नवी अँकर मर्लिन तुस्कानोनं सकाळीच मला विचारलं होतं.

"एकीनं केली होती. तिला पहाटेच्या हवामानाच्या बातम्यांवर टाकलं. तू आपली उपवास सांग."

दुपारी केक आला. संपादक तुकडा घेऊन माझ्यासमोर आले. "उपवास," मी म्हटलं. ते मर्लिनकडे वळले.

"माझाही उपवास आहे, सर."

ते मोठ्यानं हसले. "अगं, तू वसईची ख्रिश्चन! तू कधीपासून गुरुवार करायला लागलीस?"

"इथं नोकरीला लागल्यापासून, सर."

ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. संपादकांचा हात तसाच राहिला.

पहाटे उठणं जमेल मला, असं मनाशी म्हणत मी उभी राहिले.

"माझाही तेव्हापासूनच, सर."