बंदरांची यादी

“नाना, सुएझना कालवा बंद व्हई गया!” झुलालनं पेपरातून डोकं वर काढलं. “लढाई पेटनी तठे. बठ्ठा जहाज आडकी गयात.”

तोतारामनानांच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना भान नव्हतं. त्यांचा जावई जहाजावर होता.

“नाव छापलंय का जहाजाचं? नीट पाहा, लेका!”

“नाव नही शे, नाना.”

झुलालचं चहाचं दुकान धुळ्याच्या एस.टी. स्टँडसमोर. नानांचा सारा जन्म त्याच स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारण्यात गेला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस दिसे तो आकारानं आणि कळे आवाजानं. छापलेलं अक्षर म्हणजे नुसता धूर. म्हणून झुलाल रोज सकाळी पेपर वाचायचा आणि नाना त्याच्या चुका काढायचे.

जावई अभिमन लग्नानंतर महिन्याभरातच प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात लागला आणि गेला तो गेलाच. दोन दिवाळ्या उलटल्या, जावयाचं पाऊल घराला लागलं नाही. त्याच्या घरी वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून नानांची लेक कुंदाबाई माहेरीच. गल्लीतल्या बाया कुजबुजू लागल्या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार!

नानांना कुजबुज सोसेना. त्यांनी झुलालकडून पत्र लिहवून घेतलं आणि मुंबईच्या कंपनीकडून जहाजाचं सालभराचं वेळापत्रकच मागवलं. छापील यादी आली. जाड, कडक कागद. कोणतं बंदर, कोणती तारीख, सगळं त्यात. नानांनी ती स्वतःच्या हातानं दाराशेजारी खिळ्यानं ठोकली. दिसत नव्हतं, हातोडी चुकली, कोपरा फाटला. मग खळ लावून त्यांनी तिथं चिंधीची पट्टी डकवली. कुंदाबाई हसली होती तेव्हा.

“नाना, काय हे ठिगळ!”

“असू दे. वेळापत्रक घरात असलं की माणूस हरवत नाही.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते विचारायचे, “कुंदे, आज गाडी कुठं?” जहाजाला ते गाडीच म्हणत. ती यादीपाशी जाऊन सांगायची, “एडन सोडलं, नाना.” मग नानांना जेवण गोड लागे.

अभिमनची पत्रंही यायची. बंदर लागल्यावर दहा-बारा दिवसांत एक ठरलेलं. वना पोस्टमन नेमका नाना झुलालकडे असतानाच टाकून जायचा. नाना घरी आले की कुंदाबाई मोठ्यानं वाचून दाखवायची. पत्रं मोठी मायेची असायची. “पोरगा बोलायला मुखदुर्बळ,” नाना म्हणायचे, “पण लिहितो झकास!”

आणि आता हे. यादीप्रमाणे जहाज लंडनहून परत निघालेलं होतं. आठ जूनला पोर्ट सैद, मग तोच कालवा.

“झुलाल, कुंदाच्या कानावर जाता कामा नये,” नाना म्हणाले. “अन्न सोडेल पोरगी. कंपनीला लिही. उत्तर तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर मागव.”

झुलालनं लिहिलं. घरी पेपर येत नव्हता, रेडिओ नव्हता, कुंदाबाई शिवणयंत्रावरून फारशी उठत नव्हती. लपवणं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते संध्याकाळी विचारणं. न विचारावं तर तिला संशय येईल.

“आज गाडी कुठं, कुंदे?”

“उद्या पोर्ट सैदला लागेल, नाना.”

“हं.” ते ताटातली भाकरी नुसती चुरत राहिले. लेकीला फसवतोय, ही टोचणी वेगळीच. आयुष्यात त्यांनी सुटलेली गाडी उभी आहे असं कुणाला सांगितलं नव्हतं.

तेराव्या दिवशी उत्तर आलं. झुलालनं ते दोनदा वाचलं. जहाज पोर्ट सैदला गेलंच नव्हतं. जिब्राल्टरहूनच माघारी वळवलं होतं. आफ्रिकेला वळसा घालून येत होतं, म्हणून तीन आठवडे उशीर. प्रवासी आणि खलाशी सर्व सुखरूप.

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. “होऊ दे लेट! रस्ता बदलला, पण गाडी शाबूत आहे ना!”

त्यांनी पावशेर जिलबी बांधून घेतली आणि काठी आपटत घराकडे निघाले. आता कुंदाला सगळं सांगायचं. रागावेल, रडेल, मग हसेल. दारात पोचल्यावर नेहमीसारखा हात यादीवर गेला, तर तिथं मोकळा खिळा.

“कुंदे, यादी कुठं गेली?”

“आधी बसा तर, नाना! पत्र आलंय ह्यांचं.”

नाना खाटेवर तिच्या शेजारी बसले. जिलबीचा पुडा मांडीवर तसाच राहिला. “पत्र? कुठून?”

“ऐका ना.” कागद खडखडला. लेकीचा आवाज नेहमीसारखा भिजला. “पोर्ट सैद, आठ जून. सकाळी इथल्या बाजारात उतरलो होतो. इथं सगळं शांत आहे. तुझ्यासाठी निळ्या काचेच्या बांगड्या घेतल्यात. आज जहाज कालव्यात शिरेल. या दिवाळीला नक्की येतो. नानांच्या डोळ्यांची काळजी घे...”

नानांनी हात पुढं केला. “आण बघू इकडं.”

“तुम्हाला कुठं दिसतंय, नाना?” तिनं कागद घाईनं मागं ओढला, पण एक कोपरा त्यांच्या बोटांत सापडला होता. जाड, कडक कागद. अंगठ्याखाली चिंधीची पट्टी लागली, वाळलेली खळ लागली, आणि तिच्याशेजारी खिळ्याचं भोक.

नानांनी कोपरा सोडून दिला.

“थांबलीस का, कुंदे?” ते म्हणाले. “वाच. पुढं काय लिहितो अभिमन?”