खोलीत श्रोता नाही

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हॉलमधल्या स्पीकरने ‘खोलीत श्रोता नाही’ असं सांगून मुखड्यातच गाणं थांबवलं. त्या वेळी निवृत्त सर्व्हेअर भास्कर लाटकर समोरच्याच खुर्चीत बसले होते.

“बाबा, जरा मन लावून ऐका ना,” त्यांची मुलगी पल्लवी म्हणाली.

“मग काय करतोय? पेपरसुद्धा बाजूला ठेवलाय.”

स्पीकर नाडी आणि श्वासावरून श्रोता ओळखत असे. गाण्याने ज्याच्या शरीरात काहीच हलत नाही, तो त्याच्या लेखी खोलीत नसे. वायफायवरून येणारा सहा हजार गाण्यांचा संग्रह लाटकरांच्या पत्नी सुलभा यांच्या नावावर होता. त्या नऊ दिवसांपूर्वी वारल्या. आज दुपारी बारापर्यंत घरात नवा श्रोता सापडला नाही, तर संग्रह कायमचा पुसला जाणार होता. पल्लवीची नोंद तिच्या सासरी होती आणि एका माणसाची नोंद दोन घरांत चालत नसे, म्हणून इथला स्पीकर तिला श्रोता धरत नसे. नवा श्रोता सापडला की तो लगेच तसं जाहीर करी.

“अकरा वर्षं आईशेजारी बसलात, तरी यंत्राच्या यादीत तुमचं नावच नाही.”

“ती ऐकायची. मी सोबतीला असायचो.”

पल्लवीने तेच गाणं पुन्हा लावलं आणि त्यांना एकटं सोडून ती गॅलरीत गेली. मुखडा संपला, पहिलं कडवं संपलं. स्पीकर थांबला नाही.

“बाबा, काही वाटतंय का?” तिने दारातून विचारलं.

“नाही गं. इथे ती गुणगुणायची. आज नुसतंच गाणं चाललंय.”

बारा वाजून चार मिनिटांनीही गाणी सुरूच होती. नवी नोंद झाल्याचं स्पीकरने तोपर्यंत सांगितलेलं नव्हतं; श्रोता म्हणून नाव अजून सुलभा यांचंच होतं.