आबांची जागा

भांडगावात वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सवर सगळ्यांत वर मोठा फोटो माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे सोसायटीचे चेअरमन आबांचा. माझ्या रॉक गिटारबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. लेकीच्या झोपेच्या वेळा सांभाळत केलेला माझा पहिला सोलो अल्बम आला, तेव्हाही एवढंच विचारलं, "ते पाव्हणे वादक आलते, त्यांस्नी नीट जेवाय घातलं हुतं का न्हाई?"

आज नवऱ्याचा फोन आला, "अगं, स्टँडवर तुझ्या अल्बमचा फ्लेक्स लागलाय. कुणी लावला, कळंना."

लेकीला कडेवर घेऊन तशीच निघाले. मधोमध गिटार घेतलेली मी, बाजूला गॉगल लावलेले माझे पाहुणे वादक: ड्रमवाला आयुष आणि संबळवाले कोंडिबामामा. वरची जागा मात्र रिकामी. सुनेच्या गिटारच्या फ्लेक्सवर आबांना आपला फोटो नको असणार, असं वाटून मी खट्टू होऊन लेकीला खाली उतरवलं.

 

ती दुडूदुडू फ्लेक्सपाशी गेली आणि अगदी तळाशी, 'शुभेच्छुक' लिहिलेल्या एकुलत्या एक छोट्या गोल फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आबा."