डावखुरी

बाळकुमच्या मैदानावर उत्तम सर मुलांना फुटबॉल शिकवत. त्यांच्यातल्या दक्षताचे पास इतके नेमके असत, की तिच्या वडिलांनी, सुदेशने, तिची क्लिप एका जगप्रसिद्ध डावखुऱ्या मिडफिल्डरच्या क्लिपशेजारी ठेवून व्हिडिओ बनवला. तीच गिरकी, तसाच पास. तो पाहून एका मोठ्या अकॅडमीने दक्षताला ट्रायलला बोलावलं. त्यांना डावखुरी मुलगीच हवी होती.

सरांनी व्हिडिओ पाहिला आणि सुदेशला गाठलं.

"अरे सुदेश, पोर उजव्या पायाने खेळते. आणि आपली पाण्याची टाकी मैदानाच्या त्या बाजूला कधी गेली?"

"सर, फक्त फ्लिप केलाय, आरशात दिसतं तसा. नाहीतर सेम टू सेम वाटत नव्हतं. ट्रायलला अजून महिना आहे, होईल सवय तिला."

दुसऱ्या दिवशी दक्षता डाव्या पायाने नुसती धडपडत होती. एक पास धड जाईना. सर तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाळा, उजव्याने मार बघू एकदा. नेहमीसारखा."

दक्षताने मान हलवली.

"नको सर. मी विसरू नये म्हणून बाबांनी त्या बुटात खडा घातलाय."