चाकाची तार

पस्तीस सालातली गोष्ट. वाटेत धुकं लागलं म्हणून मुंबईहून निघालेलं विमान बुरोंडीच्या सड्यावर, सपाट कातळावर उतरलं, आणि ते चालवणाऱ्या साहेबाच्या मागोमाग त्यातून गावातल्या कनीजबीचा इद्रीस उतरला. विमानाचा मिस्त्री तो. लेक दोन वर्षांनी दिसला.

घटकाभरात धुकं विरलं. साहेब निघायला उठला, तर इद्रीस चाकापाशी बसून मान हलवत होता. ब्रेकचे बोल्ट सैल पडू नयेत म्हणून ते तारेनं जखडलेले असतात.

"तार तुटली, साहेब. नवी पिळून घातल्याशिवाय चाक हलवायचं नाही. दुपार होईल."

साहेब निमूट जेवायला आला. कनीजबीनं दोघांना पापलेटाचं सालन आग्रह करकरून वाढलं. इद्रीस हात धुवायला गेला, तेव्हा खुंटीवरच्या त्याच्या कोटातून तारेचा तुकडा खाली पडला. कनीजबीचा जन्म जाळी सांधण्यात गेलेला. तुटलेलं टोक कसं दिसतं नि कापलेलं कसं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

निघताना तिनं तो तुकडा गुपचूप लेकाच्या मुठीत कोंबला आणि पुटपुटली, "पुढल्या खेपेस दोनी चाकांची काप रे."