नळाचं पाणी

"या वेळीही थोडं शिसं आहे, काका," यंत्राच्या पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात पुन्हा आणा."

"आणतो की!" घड्याळजीकाका हसले. "आमची ही गेल्यापासून घरात आवाज करतो तो एक नळच. तोही मेला घातकी निघाला!"

तीही हसली. पाण्यातले धातू मोजायची ती तळघरातली प्रयोगशाळा. नमुने टपालाने यायचे, अहवाल टपालाने जायचे. दिवसभर तिच्याशी बोलायचं ते यंत्र, तेही नुसतं घूं घूं. घरी कुलूप उघडावं तर सकाळी विसळलेला कप पालथा पडलेला, तसाच. दारात येऊन 'काय म्हणता बाई?' विचारणारा हा एकच म्हातारा. गेली तीन वर्षं, दर महिन्याला, हातात बाटली घेऊन. ते यायच्या दिवशी ती न चुकता बिस्किटं आणायची.

"शिसं हाडांत जाऊन बसतं म्हणे?"

"घाबरू नका. सकाळी नळ जरा वाहू द्या, मग भरा. तेवढं पुरे."

तिने चहा पुढे केला. थंडी होती, काकांनी हातमोजे काढून कप घेतला आणि तिचा हात थबकला. त्यांचे तळहात खरखरीत झाले होते, त्यांवर मक्याच्या दाण्यांसारख्या टणक गाठी, मनगटापर्यंत काळे ठिपके.

"हे कधीपासून?"

"झाले काही महिने. तळपायांनाही आहे. म्हातारपण, दुसरं काय!"

"काका, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ना, तेव्हापासून नळाच्या पाण्याला तोंड लावलं नाही. जिवाला घोर कशाला? मागच्या अंगणात जुना हातपंप आहे. गार, गोड पाणी! हे बघा, वाटेत प्यायला आणलंय."

तिने ती बाटली जवळजवळ हिसकावूनच घेतली. नमुना यंत्राला लावला. आर्सेनिकची रेघ चढत गेली, चढत गेली आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

"काय निघालं?" काकांनी बिस्किट चहात बुडवलं. "सांगा बिनधास्त. तुमच्या शब्दावर तर जगतोय."

काकांच्या नळाच्या पाण्यात आजवर एकदाही शिसं निघालं नव्हतं.